बाशिंग : वाळक्या पानांची टोपली करून जगणारा नेचा



नववीच्या विज्ञानात वनस्पतींचं वर्गीकरण शिकवताना टेरिडोफायटा हा गट आपण बहुतेक वेळा एका तासिकेत संपवतो. फुलं येत नाहीत, फळं येत नाहीत, बिया तयार होत नाहीत, पानांच्या मागे बीजाणू असतात, उदाहरण नेफ्रोलेपिस. फळ्यावर चार ओळी, वहीत चार ओळी आणि पुढचा गट सुरू. यातली माहिती बरोबरच आहे. पण सगळं ‘नाही, नाही’ असंच सांगितल्यामुळे नेचा म्हणजे काहीतरी अर्धवट राहिलेली वनस्पती, असा समज मुलांच्या मनात नकळत बसतो.

म्हणून आज एकच नेचा घेऊन तो नीट बघूया. तो आहे बाशिंग. कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांत तो भरपूर दिसतो. अनेक गावांत तर शाळेच्या वाटेवरच्या जुन्या आंब्यावर असतो. आपण रोज त्याच्याखालून जातो आणि ‘झाडावर काहीतरी वाळलेलं लटकलंय’ म्हणून सोडून देतो. कधी कधी तर झाड साफ करायचं म्हणून तो ओरबाडून काढलाही जातो. हा लेख वाचून निदान आपल्या शाळेच्या आवारातला तरी ओरबाडला जाऊ नये, एवढी अपेक्षा आहे.

नाव कुठून आलं?

लग्नात नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधतात, ते मुलांना माहीत असतं. ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय’ हा वाक्प्रचारही त्यांनी ऐकलेला असतो. या नेच्याची बुडाकडची पानं रुंद, कडक, पंख्यासारखी उभी आणि खोडाला घट्ट चिकटून असतात. लांबून पाहिलं तर झाडाच्या कपाळालाच कुणी बाशिंग बांधलंय असं वाटतं. नाव बहुधा त्यावरूनच पडलं असावं. त्याला वांदर बाशिंग असंही म्हणतात. अश्वकातरी हे आणखी एक नाव पुस्तकांत सापडतं.

शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. १७५३ साली लिनियसनं या नेच्याला ‘पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘क्वेर्कस’ म्हणजे ओक वृक्ष, ‘फोलियम’ म्हणजे पान. पुढे १८४१ मध्ये जॉन स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ड्रायनेरिया या प्रजातीत घातलं. गंमत म्हणजे ‘ड्रायनेरिया’ हा शब्दही ग्रीकमधल्या ओकवरूनच आला आहे. म्हणजे नावात ओक दोनदा! युरोपातल्या माणसाला त्या पानात घरचा ओक दिसला आणि आपल्या माणसाला लग्नातलं बाशिंग. ज्याच्या डोळ्यांसमोर जे असतं त्याच्यावरून तो नाव ठेवतो. भाषेच्या तासालाही ही गोष्ट सांगता येईल.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी आणखी एक धागा. केरळच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड यांनी तो करवून घेतला होता. त्याच्या बाराव्या खंडात हा नेचा आलेला आहे. या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. युरोपात नाव मिळण्याच्या आधीपासून आपल्याकडची जाणती माणसं या वनस्पती ओळखत होती, हे मुलांना यातून सांगता येतं.

राहतो कुठे?

हा उष्ण कटिबंधातला नेचा आहे. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो पसरलेला आहे. उंच डोंगरमाथ्यापेक्षा सखल भाग आणि कमी उंचीच्या टेकड्या त्याला जास्त मानवतात. आपल्याकडे सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा, गोव्यातलं मोले, कोकणातल्या देवराया ही त्याची हक्काची ठिकाणं. खडबडीत सालीचं जुनं झाड, आडव्या जाड फांद्या, थोडी सावली, थोडं ऊन आणि पावसाळ्यात भरपूर पाणी, एवढं मिळालं की तो खूश असतो.

पण तो जमिनीवर सहसा उगवत नाही. झाडावर उगवतो, कातळावर उगवतो, जुन्या पडक्या भिंतीवरही उगवतो. सदाहरित जंगलात जमिनीवर उजेड फारच कमी पोचतो, कारण वर पानांचं छत दाट असतं. झाडावर चढून बसलं की उजेड मिळतो. मग अडचण काय? वर माती नाही. पाऊस पडतो तो सालीवरून ओघळून निघून जातो. क्षार, नत्र, ओलावा हे सगळं झाडांना मिळतं ते मातीतून. ज्याच्या मुळाशी मातीच नाही, त्यानं काय करायचं?

हा प्रश्न मुलांना आधी विचारा आणि थोडा वेळ थांबा. उत्तरं येऊ द्या. ‘झाडाचं रस शोषून घेईल’ हे उत्तर हमखास येतं. त्याकडे आपण थोड्या वेळानं येऊ.

दोन प्रकारची पानं, दोन प्रकारची कामं

बाशिंगाला दोन वेगवेगळ्या प्रकारची पानं येतात. हीच त्याची खरी ओळख.

पहिली म्हणजे बुडाकडची पानं. ही बिनदेठाची, रुंद, कडा थोड्या कातरलेली, साधारण वीतभरापासून ३०-४० सेंटिमीटरपर्यंत असतात. कोवळी असताना हिरवी, पण लवकरच त्यांच्यातलं हरितद्रव्य जातं आणि ती तपकिरी, कागदासारखी कुरकुरीत होतात. शिरा मात्र ताठ राहतात. इतर झाडांची पानं वाळली की गळतात. ही वाळतात आणि जागच्या जागीच उभी राहतात. खोडाला टेकून उभ्या असलेल्या अशा पानांची एकमेकांवर चढलेली रांग तयार होते आणि त्यातून टोपलीसारखा खोलगट आकार बनतो.

दुसरी म्हणजे मोठी हिरवी पानं. यांना लांब देठ असतो. पान जवळजवळ मधल्या शिरेपर्यंत खोल चिरलेलं असतं, लांबी अर्धा मीटर ते एक मीटर किंवा त्याहूनही जास्त. अन्न तयार करायचं काम यांचं. बीजाणूही यांच्याच मागच्या बाजूला येतात.

या दोघांच्या मधे, फांदीला कवटाळून सरपटणारं जाड, मांसल खोड असतं. त्याला मूलक्षोड म्हणतात. त्यावर तपकिरी खवले इतके दाट असतात की हाताला लोकरीसारखं लागतं. मुलं त्याला ‘अस्वलाचा पाय’ वगैरे म्हणतात, म्हणू द्या. मूलक्षोड म्हणजे मूळ नव्हे, ते आडवं वाढणारं खोड आहे. खरी मुळं बारीक असतात आणि ती या मूलक्षोडातून फुटतात. आलं, हळद यांचं उदाहरण इथे लगेच जोडता येतं.

आता टोपलीचं काम बघा. वरच्या फांद्यांवरून पानं पडतात, सालीचे तुकडे, वाळलेली फुलं, पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे, वाऱ्याबरोबर आलेली धूळ, सगळं या टोपलीत अडकतं. पावसाचं पाणी मुरतं. बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. पालापाचोळा कुजतो आणि त्याची कुथित मृदा होते, म्हणजे आपलं ह्यूमस. नेच्याची मुळं त्यात शिरतात आणि तिथून पाणी आणि क्षार घेतात.

म्हणजे मातीपर्यंत पोचता येत नाही म्हणून या नेच्यानं माती वर तयार केली. आणि त्यासाठी वापरलेलं भांडं कोणतं? त्याचीच वाळलेली पानं. ज्या पानाला आपण ‘मेलेलं’ म्हणतो, ते हिरवं असतानापेक्षा वाळल्यावरच जास्त दिवस उपयोगी पडतं. धड्याचा गाभा हाच आहे, आणि मुलांनी पाठ करण्यापेक्षा तो डोळ्यांनी बघावा असं मला वाटतं.

बांडगूळ आणि बाशिंग : फरक कळलाच पाहिजे

आता मघाच्या उत्तराकडे वळू. ‘झाडावर उगवतं म्हणजे झाडाला खातं’ असं मुलांनाच नाही, मोठ्यांनाही वाटतं. याचं कारण बांडगूळ. आंब्याच्या बागा असलेल्या घरातल्या मुलांना बांडगुळाचा त्रास चांगला माहीत असतो. वडील, काका कोयती घेऊन बांडगूळ तोडतात, आणि ते तोडणं बरोबरच आहे. पण त्याच झटक्यात बाशिंगही तोडलं जातं. म्हणून फरक नीट सांगूया.

बांडगुळाची मुळं फांदीच्या सालीतून आत घुसतात. आत गेलेला हा भाग यजमान झाडाच्या जलवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि तिथून पाणी व क्षार ओढून घेतो. त्याची स्वतःची पानं हिरवी असतात, ते अन्न तयार करतं, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पण पाणी मात्र दुसऱ्याच्या घरचं. बांडगुळाला फुलं येतात, फळं येतात. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी ती फळं खातात आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पोचवतात.

बाशिंगाची मुळं सालीच्या आत शिरत नाहीत. ती फक्त साल धरून ठेवतात आणि टोपलीतल्या मातीत वाढतात. पाणी पावसाचं, खत पाचोळ्याचं, अन्न स्वतःच्या हिरव्या पानांचं. झाडाकडून घेतो ती फक्त बसायला जागा. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा आमरी म्हणजे ऑर्किडही याच प्रकारात मोडतात.

मुलांना पटवायचं असेल तर सर्वांत सोपा पुरावा कातळाचा. बाशिंग दगडावरही तितकंच छान वाढतं. दगडातून कुणी रस शोषू शकेल का? मग ते झाडावर असताना रस शोषतं असं कसं म्हणायचं? मुलं इथे स्वतःच निष्कर्ष काढतात. शास्त्रीय विचार म्हणजे काय, हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

पालकांसाठी ओळखण्याच्या खुणा थोडक्यात अशा : फांदीतूनच दुसऱ्या प्रकारच्या फांद्या फुटल्यासारख्या दिसत असतील, जोडाशी गाठ असेल आणि नळीसारखी फुलं येत असतील, तर ते बांडगूळ. खाली तपकिरी वाळक्या पानांची टोपली, वर लांब कातरलेली हिरवी पानं आणि फूल कधीच नाही, तर ते बाशिंग. पहिलं काढा, दुसरं राहू द्या. एखादी फांदीच किडकी असेल आणि तिच्यावर भिजलेला मोठा गुच्छ असेल, तर फांदीला आधार द्यायचा की ती काढायची ते बघावं लागेल. पण तो दोष फांदीचा.

उन्हाळ्यात मेल्यासारखं, पावसात पुन्हा हिरवं

कोकणात पाऊस चार महिने, मग आठ महिने जवळजवळ कोरडे. झाडावर बसलेल्या वनस्पतीसाठी हा मोठा ताण असतो. जमिनीत ओल टिकते, फांदीवर टिकत नाही.

बाशिंगाच्या मोठ्या हिरव्या पानांचे कातरलेले भाग कोरड्या दिवसांत एकेक करून गळून पडतात. मागे राहतात त्या फक्त मधल्या ताठ शिरा, काड्यांसारख्या. एप्रिल-मे महिन्यात पाहिलं तर वाळक्या पानांचा गठ्ठा आणि त्यातून बाहेर आलेल्या काड्या, एवढंच दिसतं. कुणालाही वाटेल, संपलं हे.

संपलेलं नसतं. लोकरीसारख्या खवल्यांच्या आत मूलक्षोड जिवंत असतं. त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. पाऊस सुरू झाला की काही आठवड्यांत नवी पानं फुटतात. कोवळं पान टोकाकडून आत गुंडाळलेलं असतं आणि हळूहळू उलगडत जातं. ही नेच्यांची खास खूण. जुलैमध्ये तेच झाड हिरव्या पिसाऱ्यासारखं दिसतं.

झाडांची ‘साफसफाई’ नेमकी उन्हाळ्यात होते, म्हणजे बाशिंग सर्वांत मेल्यासारखं दिसत असताना. म्हणूनच हे शिकवायला हवं.

बी नाही, तर नवीन रोप कसं येतं?

मोठ्या हिरव्या पानाच्या मागच्या बाजूला बारीक गोल ठिपके दिसतात. आडव्या शिरांच्या मधल्या पट्ट्यात ते दोन-दोन रांगांत, अगदी शिस्तीत असतात. मुलं म्हणतात, ‘सर, याला कीड लागलीय’ किंवा ‘किड्यांनी अंडी घातलीत.’ ती कीड नाही. तो प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणुधानींचा पुंजका.

एकेका बीजाणुधानीत साधारणपणे ६४ बीजाणू असतात. गणिताच्या शिक्षकांनो, ६४ हा आकडा उगाच नाही. १६ पेशींपैकी प्रत्येकीचं विभाजन होऊन चार-चार बीजाणू तयार होतात. बीजाणुधानीच्या भोवती जाड पेशींचं एक कडं असतं. हवा कोरडी झाली की ते कडं आकसतं, बीजाणुधानी फुटते, कडं ताणून मागे जातं आणि झटक्यात पुढे येतं. गलोलीतून खडा सुटावा तसे बीजाणू बाहेर फेकले जातात आणि वाऱ्यावर जातात.

ओलसर साल किंवा दगड मिळाला तर बीजाणू रुजतो. पण त्यातून लगेच बाशिंग येत नाही. आधी नखाएवढीसुद्धा नसलेली, हृदयाच्या आकाराची, पातळ हिरवी चकती तयार होते. तिला प्रोथॅलस म्हणतात. तिच्यावर पुंयुग्मक आणि स्त्रीयुग्मक तयार होतात. पुंयुग्मकाला पोहत जावं लागतं, त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. दोन्हींचा संयोग झाला की मग त्यातून खरं बाशिंगाचं रोप वाढायला लागतं.

म्हणजे लाखो बीजाणू उडतात, पण योग्य साल, सावली, ओल आणि वेळ हे सगळं जुळून आलं तरच एखादं रोप उभं राहतं. एक मोठा गुच्छ तयार व्हायला बरीच वर्षं जातात. ओरबाडायला पाच मिनिटं पुरतात.

टोपलीतली वस्ती

माती झाली की रहिवासी येतातच. मुंग्या, गोगलगायी, गोम, कोळी, झुरळांच्या रानटी जाती, पावसाळ्यात बेडूक असे अनेक जीव बाशिंगाच्या टोपलीत आसरा घेतात. उन्हाळ्यात आजूबाजूची साल तापलेली असते, तेव्हा पाचोळ्याच्या आत थोडा गारवा आणि ओल टिकून राहते.

ही वस्ती किती मोठी असू शकते, याचा अंदाज यावा म्हणून बोर्निओतलं एक उदाहरण सांगतो. तिथे अशाच पद्धतीनं पाचोळा गोळा करणारा दुसरा एक नेचा आहे, ॲस्प्लेनियम नायडस. आपल्या नर्सऱ्यांमध्ये ‘बर्ड्स नेस्ट फर्न’ म्हणून मिळतो त्याच गटातला. मलेशियाच्या सबाह राज्यात डॅनम व्हॅली नावाचं सखल भागातलं सदाहरित जंगल आहे. तिथल्या उंच झाडांवरचे हे नेचे एल्वुड आणि फॉस्टर या दोन संशोधकांनी तपासले. त्यांचा निबंध २००४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. त्यात असं दिसलं की मोठ्या नेच्याचं वजन पाचोळा आणि पाण्यासह २०० किलोपर्यंत भरतं, आणि अशा एकाच नेच्यात राहणाऱ्या किड्यामुंग्यांचं एकूण वजन त्या झाडाच्या बाकीच्या सगळ्या शेंड्यातल्या किड्यामुंग्यांइतकं असू शकतं. एका नेच्यात अख्ख्या झाडाएवढी वस्ती!

आपलं बाशिंग इतकं अवजड नसतं, पण पद्धत तीच. म्हणून एक गुच्छ काढला की एक वनस्पती गेली असं होत नाही, एक अख्खी वाडी उठते.

‘मागासलेली’ वनस्पती?

नेचे फार प्राचीन आहेत, डायनासोरांच्याही आधीपासून, हे आपण सांगतो आणि ते खरं आहे. पण त्यातून मुलं असा अर्थ काढतात की नेचे जुने, म्हणून साधे. मग फुलझाडं आली आणि नेचे मागे पडले. वर्गीकरणाचा तक्ता वरून खाली वाचला की तसंच वाटतं.

२००४ मध्येच ‘नेचर’मध्ये आणखी एक निबंध आला होता. श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि जीवाश्म यांच्या आधारे दाखवलं की आजच्या नेच्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जाती ज्या गटात येतात, तो गट फुलझाडांच्या नंतर, क्रेटेशियस काळात विस्तारला. फुलझाडांची जंगलं वाढली, त्यांच्या सावलीत आणि फांद्यांवर नव्या जागा तयार झाल्या, आणि नेच्यांनी त्या जागा घेतल्या. बाशिंगही याच मोठ्या गटातलं आहे. नेचे हा घराणा जुना, पण त्यातली ही शाखा तशी नवी.

तेव्हा तक्ता शिकवताना एवढं जरूर सांगा, की ती पायऱ्यांची शिडी नाही. बी नसलं तरी बाशिंगानं जो मार्ग काढलाय तो कमी हुशारीचा नाही.

धोका कशाचा?

एक, जुनी झाडं. बाशिंगाला खडबडीत सालीचा मोठा वृक्ष लागतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे किती जुने वृक्ष गेले, ते त्या वाटेनं ये-जा करणाऱ्यांनी पाहिलं आहे. बदली रोपं लावली, तरी त्यांच्यावर बाशिंग बसायला एक पिढी जावी लागेल.

दोन, औषधासाठी उपटणं. तमिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यात कोल्ली टेकड्या आहेत. तिथे या नेच्याचं लोकरीसारखं मूलक्षोड ‘मुडवाट्टुक्काल’ नावानं बाजारात विकायला असतं. ते दिसतं मेंढीच्या पायासारखं. सांधेदुखीवर चांगलं म्हणून लोक त्याचं सूप करून पितात. स्थानिकांचं हे जुनं ज्ञान आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण पान तोडलं तर नवं फुटतं, मूलक्षोडच नेलं तर मागे काही उरत नाही. मागणी गावापुरती होती तोपर्यंत ठीक होतं. आता असले उपाय मोबाइलवरून घरोघर पोचतात. पालकांना विनंती, की असा मेसेज वाचून झाडावरचं काही काढून मुलांना किंवा आजी-आजोबांना देऊ नका. दुखणं असेल तर डॉक्टरांना किंवा जाणत्या वैद्यांना विचारा.

तीन, आपली स्वच्छतेची कल्पना. वाळलं म्हणजे कचरा, असं आपण मुलांना फार लवकर शिकवतो. आवारातला पाला गोळा करून जाळतो आणि झाडावरचं वाळकं काढून टाकतो. बाशिंग नेमकं याच्या उलट सांगतं.

वर्गात काय घेता येईल?

१. दोन भेटी. एकच झाड ठरवा. जूनच्या मध्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा मुलांना न्या. दोन्ही वेळा चित्र काढायला सांगा. फोटोपेक्षा चित्र बरं, कारण काढताना बारकाईनं बघावं लागतं.

२. बीजाणूंचा ठसा. मागे तपकिरी ठिपके असलेला पिकलेल्या पानाचा एखादाच तुकडा घ्या. ठिपक्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वही ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कागदावर पिवळसर-तपकिरी भुकटीचा ठसा मिळतो. भिंगातून दाखवा. भुकटी उडवू नका, काही मुलांना शिंका येतात.

३. टोपली करून बघा. एका फळीवर कागदी द्रोण तिरका चिकटवा, दुसरी फळी तशीच ठेवा. दोन्ही मोकळ्या जागी झाडाखाली उभ्या करा. पंधरा दिवसांनी कुठे काय साठलंय ते मोजा. आकार काय काम करतो, हे मुलांना लगेच कळतं.

४. बांडगूळ, बाशिंग, अमरवेल, आमरी. चार रकान्यांचा तक्ता करा : मुळं कुठे जातात? पाणी कुठून येतं? हिरवी पानं आहेत का? फूल येतं का? मुलांनी घरी विचारून, बघून भरायचा.

५. आजी-आजोबांची मुलाखत. ‘तुमच्या गावात याला काय म्हणतात?’ एवढाच प्रश्न. नावं जमवा आणि फळ्यावर लिहा.

एक काळजी मात्र घ्या. टोपलीत हात घालायचा नाही, काडीनंही ढोसायचं नाही. आत विंचू, गोम किंवा साप असू शकतो. झाडावर चढवून गुच्छ काढून आणायला तर मुळीच सांगू नका. निरीक्षण खालूनच करायचं. गळून पडलेलं पान मिळालं तर ते पुरतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांना आसपास बाशिंग कदाचित मिळणार नाही. हरकत नाही. जुन्या विहिरीच्या ओलसर भिंतीवरचा हंसराज किंवा नर्सरीतला कोणताही नेचा बीजाणूंच्या प्रयोगाला चालतो. विहिरीजवळ मुलांना न नेता शिक्षकांनीच पान आणावं. टोपलीचा भाग मात्र फोटो दाखवून सांगावा लागेल.

शेवटी विचारायचे प्रश्न

- बाशिंगाची बुडाकडची पानं गळून पडली असती तर काय झालं असतं?
- बाशिंग परजीवी नाही, हे तुम्ही कोणत्या पुराव्यावरून सांगाल?
- बाशिंगाला पाऊस दोन वेगवेगळ्या कामांसाठी लागतो. ती कामं कोणती?
- तुमच्या शेजाऱ्यांनी आंब्यावरचं बाशिंग बांडगूळ समजून काढायचं ठरवलं, तर तुम्ही त्यांना काय सांगाल? पाच वाक्यांत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं तपासताना भाषेचे गुण कापू नका. मूल ते घरी जाऊन खरंच सांगतं का, एवढं पुढच्या आठवड्यात विचारा.